चौथ्या बरगडीची भीड

चुरीमामांना बाईमाणसाकडे बघून बोलता येत नसे. मी अकरा वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, पण मी चष्मा लावते की नाही हे त्यांना शपथेवर सांगता आलं नसतं. बोलायचे ते माझ्या खांद्यामागच्या भिंतीशी. नवी होते तेव्हा मला वाटायचं, माझ्या मागे भिंतीवर पाल असावी. दोनदा वळूनही पाहिलं. मग कळलं, पालबिल काही नाही, माणूसच असा आहे.

आमचा दवाखाना ट्रस्टचा, डहाणूहून तलासरीला जाणाऱ्या रस्त्यावर. एका बाजूने बंदराकडचे मच्छीमार यायचे, दुसऱ्या बाजूने पाड्यांवरचे वारली. मी तिथे सिस्टर, आणि मामा ईसीजीवाले. जिन्याखालची अंधारी खोली त्यांची. एक टेबल, एक पडदा, एक मशीन. हातापायांना चार चिमटे लावायचे, छातीवर सहा रबरी वाट्या चिकटवायच्या आणि बटण दाबायचं. मग हृदय कागदावर आपली रेघ काढत जातं. झटका आला असेल तर रेघ बिघडते. एवढंच त्यातलं मला तेव्हा कळत होतं.

मामा मसोलीहून सायकलने यायचे. पांढरा शर्ट, त्याला कडक इस्त्री, खिशात रुमालाची घडी. थंडीच्या दिवसांत चिमटे गार पडतात म्हणून पेशंट टेबलावर चढेपर्यंत ते चिमटे स्वतःच्या काखेत धरून बसायचे. मी हसले तर म्हणाले, "गार लागलं की माणूस दचकतो, सिस्टर. दचकला की रेघ दचकते." अर्थात हेही भिंतीलाच.

त्यांची एक खोड मात्र सगळ्या तालुक्यात माहीत होती. पेशंट दारात दिसला की पहिला प्रश्न, "जुना कागद आणलाय?" कारण मामा कुणालाही कागदाशिवाय घरी सोडत नसत. ईसीजीचा कागद उन्हाने काळा पडतो, वर्ष-दोन वर्षांत पुसट होतो. म्हणून मामा स्वतः नाक्यावर जाऊन त्याची झेरॉक्स काढून आणायचे, एक प्रत पेशंटला, एक आपल्या बिस्किटांच्या डब्यात. डब्यांवर गावांची नावं. पेशंटला बजावायचे, "रेशनकार्डाबरोबर ठेव. दुखलं-खुपलं तर आधी हा कागद घे, मग चप्पल घाल." लोक त्याला मामांचा कागद म्हणायचे. पाड्यांवर तो कुडाच्या भिंतीत खोचलेला असायचा, बंदरावर देवाच्या तसबिरीमागे.

मला हे सगळे थेर वाटायचे, खोटं कशाला सांगू. काशिनाथची भानगड होईपर्यंत.

काशिनाथ तलासरीकडचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा, दवाखान्याजवळच्या चिकूच्या वाडीत कामाला. एका दुपारी त्याला चौघांनी उचलून आणलं. क्रेट चढवताना छातीत कळ आली म्हणे. मामांनी ईसीजी काढला. त्या दिवशी ड्यूटीवर एक बदली डॉक्टर होते, पोरसवदा. त्यांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. रेघ जिथे खाली बसायला हवी तिथे चांगली वर उचललेली. "सिस्टर, मोठा झटका आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन काढा."

आता हे इंजेक्शन म्हणजे दुधारी. खरा झटका असेल तर जीव वाचवतं, नसेल तर उगाच डोक्यात रक्तस्राव व्हायचा. मी फ्रीज उघडला, तेवढ्यात मामा दारात. थेट डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "साहेब, पाच मिनिटं. ह्याची बायको वाडीवरच्या झोपडीतून कागद आणायला गेलीय."

"कसला कागद? इथे माणूस मरतोय!"

"मी डॉक्टर नाही साहेब. पण ही रेघ मी आधी पाहिलीय असं वाटतंय. आमच्या डब्यात शोधतोय, तोवर तीच येईल."

ती आलीच. धापा टाकत, कमरेच्या गाठीतून घडी सोडत. "डागतर, यो कागुद बघ. मामानं दिलेला." दोन वर्षांपूर्वी कंपनीत नोकरीसाठी फिटनेस हवा होता, तेव्हाचा. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. तंतोतंत! तेव्हा त्याला काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, आणि रेघ अशीच उचललेली.

डॉक्टर शहाणे निघाले. इंजेक्शन थांबवलं, पण माणसाला घरी नाही सोडलं. थोड्या थोड्या वेळाने ईसीजी, दोनदा रक्त. काहीही बदललं नाही. स्नायू दुखावला होता, बस. काही धडधाकट तरुणांची रेघ जन्मजातच अशी असते, बघणाऱ्याची छाती बसते आणि ज्याची आहे तो खुशाल असतो. डॉक्टरांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. मामा म्हणाले, "ज्याचा त्याचा हात असतो साहेब, तसंच ज्याचं त्याचं हृदय लिहितं. जुनं अक्षर माहीत हवं."

त्या दिवसापासून मी मामांच्या डब्यांवरची धूळ स्वतः पुसायला लागले.

आता दुसरी बाजू. ती सांगायला जड जातं, कारण तिथे मीही उभी होते.

बाई पेशंट असली की मामा मला बोलावत. मी पडदा ओढायची, हातातल्या बांगड्या वर सरकवायची, पायांना चिमटे लावायची. छातीच्या वाट्या मामा लावत, कारण ते कौशल्याचं काम. पण कसे? तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडे आणि हात चाचपत. बाईने पदर मुठीत आवळलेला. मामा पदर हलवत नसत, ब्लाउजला हात लावत नसत, सांगतही नसत. गळ्याखाली जेवढी जागा उघडी असेल तेवढ्यात वाट्या लावायच्या, बटण दाबायचं, झालं. बाया मामांचे गुण गायच्या. "देवमाणूस! बोट लावलं नाय." मलाही भारी वाटायचं. म्हटलं, अशी मर्यादा ठेवणारा पुरुष शोधून सापडायचा नाही.

बायकांच्या रेघा बऱ्याचदा विचित्र यायच्या. मशीन खाली आपोआप छापायचं, जुना झटका असू शकतो. मी एकदा विचारलं तर मामा म्हणाले, "बायकांचं हृदय जरा वेगळं लिहितं." आणि जुना कागद काढून ताडून बघायचे. तो तर नेहमी जुळायचा. जुळला की मामा निर्धास्त. आठवड्यातून एकदा येणारे मोठे डॉक्टर गठ्ठा चाळून सही करायचे, "जुना झटका, जपून राहा." जुळणारच की! वाटी दर वेळी त्याच चुकीच्या जागी लागली तर कागद दर वेळी तसाच येणार. ज्या खोडीने काशिनाथ वाचला, तिनेच ही चूक पक्की करून ठेवली होती, आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हे आलं नाही.

आलं ते डॉक्टर रेवतींच्या. त्या नव्याने रुजू झालेल्या, बोलायला फटकळ, कामाला वाघ. त्यांच्याकडे मथुराबाय आली. मथुराबाय डहाणू बंदरावरची मच्छीवाली, पन्नाशीच्या आतबाहेरची. चार वर्षं तिच्या अंगावरून भयंकर जात होतं, गर्भाच्या पिशवीत गाठी होत्या, चेहरा कागदासारखा पांढरा. चार पावलं चालली की धाप. पिशवीचं ऑपरेशन करायला हवं होतं, पण भूल देणारे डॉक्टर हात लावेनात. का? तर हिच्या फायलीत मामांचे दोन कागद, दोन्हींवर जुना झटका. आणि धाप लागते म्हटल्यावर कुणालाच शंका नाही.

रेवतींनी डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली. "अहो हिच्या अंगात रक्तच नाही, धाप लागेल नाही तर काय होईल? सिस्टर, पडदा ओढा. मथुराबाई, ब्लाउज काढा. इथे आपण तिघी बायकाच आहोत."

मथुराबाय माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. रेवतींनी गळ्याच्या खोबणीपासून बोटाने बरगड्या मोजल्या. चौथ्या बरगडीखालच्या फटीत पहिल्या दोन वाट्या, मग तिरक्या खाली, स्तनाच्या खालून काखेपर्यंत. बटण दाबलं. मी तो कागद जुन्या दोघांशेजारी धरला. रेघ स्वच्छ. झटक्याचा मागमूस नाही.

"जुने कुणी काढले?" रेवतींनी विचारलं.

मला उत्तर द्यायचं नव्हतं. पण जिन्याखालची खोली पाच पावलांवर होती, मी तिकडे बोट केलं.

मामा डब्याजवळ बसून चिकू सोलत होते. रेवतींनी तिन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. मामांनी सुरी बाजूला ठेवली, हात पुसले, आणि बराच वेळ बघत राहिले. "दोन बायका आहेत ना ह्या?"

"एकच. हा मी आत्ता काढला."

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. उठले, शर्टाची वरची बटणं सोडली आणि म्हणाले, "कुठे लावली ते माझ्यावर दाखवा."

रेवतींनी बरगड्या मोजून बोट टेकवलं. मामा म्हणाले, "बरोबर. मुंबईला शिकलो तेव्हा हेच शिकलो. पुरुषांना मी इथेच लावतो."

"आणि बायकांना?"

मामांचा हात हळूहळू वर सरकला आणि गळ्याच्या हाडाखाली थांबला. नंतर म्हणाले, "पदराच्या वर."

रेवती सगळं ऐकवायच्या तयारीने आल्या होत्या. पण त्या माणसाचा चेहरा पाहून त्यांचाही आवाज खाली आला. मामा सांगायला लागले. नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं. पाड्यावरची एक पोरगी टेबलावर होती, मामांनी नियमाप्रमाणे वाटी लावायला पदर बाजूला केला, ती किंचाळत बाहेर पळाली. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा कोयता घेऊन फाटकात उभा. लोकांनी सोडवलं. "तेव्हापासून हात खाली गेलाच नाही. आधी भीती होती डॉक्टर. मग लोक चांगलं म्हणायला लागले. मग मला पण ते चांगलं वाटायला लागलं."

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड मामांची आणि भिकेला लागल्या दुसऱ्याच बाया.

ट्रस्टच्या सेक्रेटरींना कळलं. ते समजावायला आले. "चुरी, तीन महिन्यांत रिटायर होताय. झालं ते झालं. पुढे सिस्टर लावतील वाट्या, विषय संपला. उगाच गवगवा कशाला?"

मामा म्हणाले, "साहेब, मी रिटायर होईन. ते कागद नाही होणार. ते तसबिरीमागे राहतील."

त्याच दिवशी त्यांनी डबे खाली काढले आणि बायकांचे कागद वेगळे करायला बसले. मी मोजायला लागले तर म्हणाले, "मोजू नका सिस्टर. मोजले की हातपाय गळतील. एकेक काढत जाऊ." वरचा कागद मथुराबायचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने बंदरावर गेलो. तिच्या दारापुढे बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत होते आणि ती पायरीवर बसून होती. मामा अंगणात उभे राहिले, हात जोडलेले, मान खाली. "मथुराबाय, चूक माझी झाली. तुला झटका कधी आलाच नव्हता. मी लाजलो आणि यंत्र नको तिथे लावलं. तुझं हृदय बरं आहे."

मला वाटलं, ही आता शिव्यांची लाखोली वाहणार. बंदरावरच्या बायकांचं तोंड कुणाला माहीत नाही? पण तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "चार वर्सं, मामा. भरली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाय, कुणीतरी हात लावायला लागतो. तुमचा कागद आला आनि कुणी हात लावेना. सुनेनं नाय, पोरानं नाय. धक्क्यावरच्या बाया, ज्यांच्या पाट्यांना मी जन्मभर हात दिला, त्या पण मागं सरायच्या. म्हनायच्या, उचलताना मेली तर पाप आमच्या माथी. मी जिती असून मेल्यासारखी बसले हितं."

मामा रडायला लागले. आवाज न करता, पांढऱ्या शर्टावर थेंब पडत होते. मी अकरा वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि माझाही बांध फुटला. कारण पडदा मी ओढला होता. मला ठाऊक नव्हतं असं मी स्वतःला सांगते, पण विचारावं तरी कधी वाटलं?

मथुराबायच मग उठली. "बास करा. पदर मी पन घट्ट धरून ठेवलेला. आठवतंय मना." मग म्हणाली, "ऑपरेशन करीन. पन तुमी हजर पायजे. मना भूल देतील तवा माज्या रेघंवर नजर तुमची. दुसऱ्या कुनाची नाय."

"माझी?" मामा दचकलेच.

"तुमीच बिगडवली, तुमीच राखा."

आधी तिला रक्त चढवलं. मग ऑपरेशन झालं, दोन तास चाललं. हिरवा झगा घालून मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर मॉनिटरसमोर बसले होते. भूल देणारे डॉक्टर होतेच, पण मामा दोन तास तिथून उठले नाहीत, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. ती शुद्धीवर येऊन पहिल्यांदा बोलली ते, "मामा हाय का?" मामा म्हणाले, "आहे." भिंतीलाच, पण म्हणाले.

मामा रिटायर होईपर्यंत आम्ही गुरुवारी आणि रविवारी फिरलो. मशीनची पिशवी मामांच्या खांद्यावर, डबा माझ्या मांडीवर. झोपडीत शिरणं त्यांना काही जमलं नाही. मग त्यांनी युक्ती काढली. बाई आत, मी आत, आणि मामा अंगणात मशीन मांडीवर घेऊन कुडाकडे पाठ करून बसलेले. तारा कुडाच्या फटीतून आत. मी बरगड्या मोजून वाट्या लावायची आणि बाहेरून आवाज यायचा, "सिस्टर, तिसरी जरा वर गेलीय."

"तुम्हाला बाहेर बसून काय दिसतंय?"

"रेघ सांगते. थोडी खाली घ्या."

घेतली की खरंच रेघ सुधारायची. हे इतकं ज्या माणसाला कळत होतं, त्याने इतकी वर्षं... जाऊ दे.

सगळ्याच रेघा सुधारल्या असं नाही. काही बायकांना खरोखरच त्रास होता, वाट्या नीट लावल्या तरी कागद तसाच आला. त्यांना रेवतींनी गोळ्या चालू ठेवल्या. जिथे कागद स्वच्छ आला तिथे मामा जुना मागून घेत, फाडत, नवा देत आणि तेच वाक्य बोलत, "चूक माझी होती." एकीच्या मुलीने त्यांना उभं-आडवं झाडलं. कोसबाडकडच्या एका म्हातारीने चहा पाजला आणि म्हणाली, "बरा आलास, पाच वर्सं मना कोन पानी भरू देत नव्हता, आता मात्र परत भरायला लागंल!" मामा दोन्ही सारखंच ऐकून घेत. परतताना मी म्हटलं, मामा, ती मुलगी जरा जास्तच बोलली. ते म्हणाले, "कमीच बोलली."

मग ते रिटायर झाले. निरोपसमारंभ नको म्हणाले. जिन्याखालची खोली आता माझ्याकडे आहे. काखेत चिमटे धरणं मला जमत नाही, मी गरम पाण्याची पिशवी ठेवते. बाई टेबलावर आली की मी आधी पडदा ओढते, मग म्हणते, "बाय, पदर सोड. इथे लाजलीस तर कागद खोटं बोलेल." सोडतात. नीट सांगितलं तर सगळ्या सोडतात. हे आम्ही कुणी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

मामा मला शेवटचे दिसले ते सुमारे सात महिन्यांनी. मी सकाळी डहाणू गावात बंदरावर मासळी घ्यायला गेले होते. लिलाव आटोपून बायका पाट्या भरत होत्या. त्यात मथुराबाय. गालांवर रक्त आलेलं, केसात अबोलीचा वळेसर. रेवतींनी तिला अर्धीच पाटी उचलायची परवानगी दिली होती, आणि ती पाटी काही मला अर्धी वाटली नाही. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि हात लावायला कुणी आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

मामा पिशवी घेऊन बोंबील घ्यायला आले होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. तिने हाक मारली, "ओ मामा! हात लावा जरा."

मामांनी पिशवी खाली ठेवली. पुढे झाले, पण हातभर अंतर ठेवून, तोंड समुद्राकडे. पाटीची कड बोटांच्या टोकांनी धरली. पाटी हलेचना.

"अवो मामा," मथुराबाय सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी ओरडली, "इतक्या लांबून पाटी उचलत नाय! जवळ या. आनि माज्याकडं बघा, नायतर पडंल ती."

मामा एक पाऊल जवळ गेले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाटीखाली घातले. मासळीचं पाणी त्यांच्या इस्त्रीच्या बाहीवरून कोपरापर्यंत ओघळलं. पाटी तिच्या डोक्यावर बसली.

"बरोबर बसली?" मामांनी विचारलं. तिलाच.

"बसली," ती म्हणाली आणि बाजाराच्या वाटेला लागली.